पगार कधी होतो?

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात नवा माणूस कामाची चौकशी करायला आला की पगार किती, हे आधी विचारत नाही. "ताई, पगार कधी होतो?" हा त्याचा पहिला प्रश्न. सात तारखेला, असं सांगितलं तर लगेच पुढचा: "नक्की सातला का?" आकड्याची घासाघीस त्यानंतर. शेजारच्या पाड्यातल्या कुणाला तरी कुठे तरी वीस-बावीस तारखेपर्यंत ताटकळलेलं त्यानं पाहिलेलं असतं. त्यामुळे तारखेचं उत्तर ऐकूनच तो आकड्यावर किती भरवसा ठेवायचा ते ठरवतो.

आसनगावजवळ आमचा पुठ्ठ्याची खोकी बनवण्याचा लहान कारखाना आहे. मी आले ती हिशेब लिहायला, मग खरेदी माझ्याकडे आली, मग माणसं, आणि आता सगळंच. इथे धंदा चालवायला काय लागतं, असं नव्यानं शेड घेणारी तरुण मुलं विचारायला येतात. त्यांना यंत्र कुठलं घ्यावं, कर्ज कुठल्या बँकेचं स्वस्त, हे हवं असतं. मी त्यांना आधी सात तारखेबद्दल सांगते. माझ्या मते इथली बाकीची सगळी व्यवस्था त्या तारखेला टांगलेली आहे.

यात सद्भावनेचा भाग आहेच, पण सद्भावनेनं सात तारीख पाळता येत नाही. ती पाळायला पैशाची वाट समजावी लागते. खोक्याच्या किमतीत सर्वांत मोठा वाटा क्राफ्ट कागदाचा. आमचा कागद वापीकडच्या गिरण्यांतून येतो आणि नव्या गिऱ्हाइकाला गिरणी रोखीशिवाय गाडी सोडत नाही. जुन्यालाही फार दिवस देत नाही. त्या कागदाला पन्हळी पाडायची, दोन-तीन थर चिकटवायचे, रोटरीवर कापायचं, वळणाच्या रेघा पाडायच्या, छपाई करायची, तारेनं शिवायचं, गठ्ठे बांधायचे आणि मुरबाडच्या एमआयडीसीतल्या किंवा भिवंडीच्या गोदामातल्या गिऱ्हाइकाकडे पोचवायचं. ते गिऱ्हाईक पैसे देणार साठ दिवसांनी, नव्वद दिवसांनी. कागदाचे पैसे आज गेले, खोक्याचे तीन महिन्यांनी येणार आणि या मधल्या काळात तीन वेळा सात तारीख येणार. लहान कारखाने काम नसल्यामुळे बंद पडतात असा समज आहे. या पट्ट्यात मी बंद पडलेले जे पाहिले, त्यांतल्या बऱ्याच जणांकडे शेवटच्या दिवसापर्यंत काम होतं. मधले दिवस निभावून न्यायला पैसा नव्हता.

कायदा लहान कारखान्याच्या बाजूचा आहे. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी गिऱ्हाइकाला 45 दिवसांपलीकडे जाता येत नाही, करार नसेल तर 15 दिवस. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दरानं, महिन्या-महिन्याला चक्रवाढ व्याज. आता आयकर कायद्यातही तरतूद आली आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही, तर पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत त्या खर्चाची वजावट मिळत नाही. मार्चच्या आत जुनी बिलं निघायला लागली ती या तरतुदीनंतर, हे मी आमच्या खातेवहीत पाहिलं आहे. म्हणून उद्यम नोंदणीचा नंबर बिलावर ठळक छापा, आणि उत्पादक म्हणून नोंदणी आहे ना, ते एकदा तपासून घ्या. या तरतुदीचा फायदा निव्वळ व्यापाऱ्याला मिळत नाही. थकलेल्या बिलांसाठी असलेल्या सुकरता परिषदेकडे तक्रार करायचीही सोय आहे. पण एकच मोठं गिऱ्हाईक असलेला माणूस तिथे जात नाही, गेला तर पुढची ऑर्डर जाईल ही त्याची भीती असते आणि ती खरी असते. त्यामुळे कायदा पाठीशी ठेवावा आणि रोजच्या कामात दुसरं काही तरी करावं.

ते दुसरं म्हणजे बिलाचा पाठलाग, आणि तो मुदत संपल्यावर सुरू करायचा नसतो. गाडीबरोबर गेलेल्या चलनावर माल पोचल्याचा शिक्का आणि सही घेऊनच ड्रायव्हरनं परतायचं, हा आमच्याकडे पहिला नियम. बिलावर खरेदी ऑर्डरचा नंबर, मालाचा कोड, नग, सगळं ऑर्डरमध्ये आहे तसंच, अक्षर न् अक्षर. माल पोचल्यावर चार-पाच दिवसांनी गिऱ्हाइकाच्या हिशेब विभागाला फोन करायचा. पैसे मागायचेच नाहीत, फक्त विचारायचं: आमचं बिल तुमच्याकडे चढलं का? अनेकदा उत्तर येतं की स्टोअरमधून कागदच वर आलेला नाही, किंवा दहा नग कमी मोजलेत म्हणून बिल बाजूला ठेवलंय. हे पाचव्या दिवशी कळलं तर एका फोनवर मिटतं. हेच साठाव्या दिवशी कळलं की पुढचे साठ दिवस तिथून मोजले जातात. खरेदी विभागातल्या साहेबांशी आपली ओळख असते, चहा त्यांच्याबरोबर होतो; पण आपला पैसा ज्या टेबलावरून निघतो तिथे बसलेल्या माणसाचं नाव आपल्याला ठाऊक नसतं. नव्या उद्योजकानं पहिल्याच महिन्यात त्या टेबलापर्यंत जाऊन यावं. तिथली माणसं बहुतेक वेळा मदत करायला तयार असतात, त्यांना कुणी नीट विचारलेलं नसतं इतकंच.

दुसरी गोष्ट मी कुणाच्याही सांगण्यावरून मोडू देत नाही. पगाराचं खातं वेगळं. कुठल्याही गिऱ्हाइकाचे पैसे आले की त्यातला ठरलेला भाग आधी त्या खात्यात जातो, मग कागदवाला, मग वीज, मग बाकीचं. एका महिन्याचा पूर्ण पगार त्या खात्यात पडून असल्याशिवाय नवं यंत्र घ्यायचं नाही. एकदा एका मोठ्या कंपनीनं आमचे पैसे कित्येक महिने अडकवले होते, तेव्हा त्या पडून असलेल्या पैशांनी कारखाना चालू ठेवला. यंत्राच्या हप्त्यात पैसा घालणं मनाला सुखावतं, यंत्र दिसतं. पगाराच्या खात्यातली शिल्लक दिसत नाही.

हे सगळं कुठेही लागू पडेल. पण आमच्या तालुक्यांचं वर्ष वेगळं चालतं, आणि बाहेरून आलेल्या व्यवस्थापकाला तेच समजत नाही. आमच्या कारखान्यातली निम्म्याहून अधिक माणसं भाताची शेती असलेल्या घरातली आहेत. कुणाची चार गुंठे, कुणाची दोन एकर, पण आहे. मृगात पेरलेलं रोप तीन-साडेतीन आठवड्यांत काढायला येतं. ते वेळेत लागलं नाही तर जून होतं आणि फुटवे कमी धरतं. म्हणून आवणीच्या, म्हणजे रोप लावायच्या, दिवसांत माणूस येणार नाही म्हणजे नाही. त्याला गैरहजर लिहिणं, दंड करणं, काढण्याची धमकी देणं, हे सगळे उपाय या पट्ट्यातल्या कारखान्यांनी करून पाहिले आहेत. माणूस आवणी सोडत नाही, नोकरी सोडतो.

आम्ही जूनच्या अखेरीस प्रत्येकाला विचारतो, रोप केवढं झालंय? कुणाचं पाण्याखालचं, कुणाचं माळावरचं, कुणाकडे माणसं किती, हे सगळं भिंतीवरच्या तक्त्यात लिहितो. खोलगट शेताची आवणी आणि वरकस जमिनीची आवणी एका दिवशी येत नाही, त्यामुळे सुट्ट्या आपोआप पुढेमागे होतात. एका गावचे लोक एकमेकांच्या शेतावर पडकईनं जातात, म्हणून एका यंत्रावर एकाच गावची सगळी माणसं ठेवायची नाहीत. गिऱ्हाइकांना मे महिन्यातच कळवायचं की जुलैच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आमच्याकडून निम्मा माल मिळेल, हवा असेल तर जूनमध्ये उचला. आमच्या धंद्यात जास्तीचा माल पावसात साठवून ठेवता येत नाही. हवेतला ओलावा पुठ्ठ्यात शिरतो, खोकं मऊ पडतं, थप्पी लावली की तळचं बसतं. म्हणून गिऱ्हाइकाच्या कोरड्या गोदामात तो आधी जायला हवा. मुरबाडच्या कारखान्यांतले खरेदीवाले सुरुवातीला वैतागत. आता त्यांच्यातले काही जण स्वतःच मेमध्ये फोन करून विचारतात, तुमची आवणी कधी? त्यांच्याकडेही माणसं त्याच गावांची आहेत.

दिवाळीच्या सुमारास हेच कापणी-झोडणीला. मग पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा. मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावी भरणारी ही जत्रा बैलांच्या बाजारासाठी आणि घोंगड्यांसाठी नावाजलेली आहे, आणि वर्षाची कितीतरी खरेदी तिथे होते. जत्रेच्या आठवड्यात पगाराची तारीख पडत असेल तर पगार आधी करावा. पैसा तोच, चार दिवस आधी गेल्यानं त्याचं मोल किती तरी वाढतं. मग शिमगा, मग लगीनसराई.

आणि उन्हाळा. भातसा, तानसा, मोडकसागर ही धरणं शहापूर तालुक्यात. तानसा तर 1892 सालापासून मुंबईला पाणी पाजतं आहे. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. आमच्याकडे शिवण आणि गठ्ठे बांधायचं काम मुख्यतः बायका करतात. टँकर कधी येईल याचा नेम नसतो, आणि तो आला तेव्हा घरातली बाई नसेल तर त्या घराला त्या दिवशी पाणी नाही. आठच्या पाळीला साडेनऊला येणाऱ्या बाईला उशिराची लाल खूण करून काय मिळणार? उन्हाळ्यात बायकांची पाळी उशिरानं सुरू करतो, ज्यांना लवकर यायचंय त्या लवकर येतात, दिवसाचे तास मोजतो. कारखान्याच्या कूपनलिकेचं पाणी जाताना घेऊन जायला मुभा आहे. पाण्याचा हंडा घेऊन जाणारी बाई दुसऱ्या दिवशी येतेच, हे मी हिशेब म्हणूनही सांगते. नवी बाई शिवणयंत्रावर तयार व्हायला महिने लागतात आणि तोवर वाया जाणारा पुठ्ठा कंपनीचाच असतो.

आता उचल. याच्याबद्दल मला सविस्तर सांगायचं आहे, कारण इथल्या मालकांचं सर्वांत जास्त चुकतं ते इथे. ठाणे जिल्ह्याला उचलीचा इतिहास आहे आणि तो वाईट आहे. लग्नासाठी पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत देणाऱ्याच्या घरी राबायचं. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. 1976 साली वेठबिगारी कायद्यानं बंद झाली, तरी ठाण्याच्या ग्रामीण भागात ती प्रत्यक्ष मोडायला विवेक पंडित, विद्युल्लता पंडित आणि त्यांच्या श्रमजीवी संघटनेला 1980 च्या दशकात गावोगाव झगडावं लागलं. वीटभट्टीवर पावसाळ्यात बयाणा घेऊन दिवाळीनंतर कुटुंबासकट जाणारे कातकरी अजून आहेत. पाच-सहा महिने राबून शेवटी हिशेब निघतो तो भट्टीवाल्याच्या वहीतून. म्हणून इथला माणूस मालकाकडे उचल मागतो तेव्हा त्याच्या मनात दोन्ही असतं, गरज आणि धास्ती.

उचल नाकारणारा मालक त्याला सावकाराकडे पाठवतो. सढळ उचल देऊन माणूस बांधून ठेवू पाहणारा मालक जुनंच पाप नव्या शेडमध्ये आणतो. आम्ही उचल देतो ती बिनव्याजी, लिहून, दोघांच्या सह्यांनी, कागदाची एक प्रत त्याच्या हातात. हप्ता एवढाच की घरी नेण्याच्या पगाराला फारसा धक्का लागू नये. नव्या वेतन संहितेनं सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यापलीकडे जाऊ नयेत असं म्हटलंय. माझ्या अनुभवात निम्मा हाही फार झाला, एक पंचमांश पुरे. आणि उचल बाकी असली तरी माणसाला जायचं असेल तर तो जाऊ शकतो, हे देतानाच सांगायचं. काही थोडी रक्कम बुडते. ती किती बुडते हे मी दरवर्षी काढते, आणि ती इतकी कमी असते की त्यावर वेगळं काही करावंसं वाटलेलं नाही.

हे मी स्वतःच्या कारखान्याच्या अनुभवावरून सांगते, पण याच तालुक्यात याहून मोठं उदाहरण आहे. शहापुरात सुनील पवार या कातकरी तरुणानं मित्रांना घेऊन गुळवेल गोळा करून विकायला सुरुवात केली. आधी ओली गुळवेल, स्थानिक बाजारात. पुढे आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेच्या रूपानं ते काम केंद्र सरकारच्या वनधन योजनेला जोडलं गेलं. वाळवून, भुकटी करून माल जाऊ लागला, आणि कोरोनाच्या काळात गुळवेलीला मागणी वाढली तेव्हा डाबर, बैद्यनाथ, हिमालया अशा कंपन्यांकडून त्यांना मागणी आली. ती रक्कम दीड कोटी रुपयांच्या वर होती. बातम्यांत त्या कोटींचं कौतुक झालं. मला त्यात कौतुकाचं वाटतं ते मधलं गणित. रानातून वेल तोडून आणणाऱ्या माणसाला आज पैसे हवेत, आज म्हणजे आज, कारण आजच्या तांदळाचा प्रश्न आहे. कंपनी पैसे देणार माल तपासून, कागद पुरे करून, तिच्या वेळेनं. या दोहोंच्या मध्ये पूर्वी व्यापारी उभा असायचा आणि वाट बघण्याची किंमत तो भावातून कापून घ्यायचा. योजनेतून मिळालेलं खेळतं भांडवल त्या व्यापाऱ्याच्या जागी उभं राहिलं, म्हणून भाव गोळा करणाऱ्याच्या हाती आला. जे तरुण गटानं धंदा सुरू करताहेत, मग ती भेंडी असो, जांभूळ असो की मोहाचे लाडू, त्यांनी आधी हे मोजावं: माल देणाऱ्याला पैसे कधी, घेणाऱ्याकडून पैसे कधी, मधले दिवस किती, त्या दिवसांना लागणारी रक्कम कुठून. नाव, वेष्टन, प्रदर्शनातला गाळा, हे सगळं नंतर.

करारावर कोंबड्या पाळणाऱ्यांनाही हेच गणित लागू आहे. शहापूर-मुरबाडमध्ये शेड बरीच आहेत. पिल्लं, खाद्य कंपनीचं. शेड, पाणी, वीज, मेहनत पाळणाऱ्याची. मोबदला पक्षी उचलल्यावर, वजनावर. फेब्रुवारी 2022 मध्ये शहापुरातल्या वेहळोलीत बर्ड फ्लू निघाला आणि आसपासच्या सुमारे पंचवीस हजार कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. त्यानंतर शेड रिकामी राहते ते महिने, आणि कर्जाचा हप्ता तर चालूच. शेडचं कर्ज घेताना दोन खेपा रिकाम्या गेल्या तर हप्ता कुठून भरणार, याचं उत्तर कागदावर लिहून मगच सही करावी.

पगार द्यायचा कसा, यावरही दोन शब्द. मुरबाड तालुक्यातलं धसई 1 डिसेंबर 2016 ला राज्यातलं पहिलं रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झालं. दुकानांत बँक ऑफ बडोदाची यंत्रं बसली, मोठी बातमी झाली. पण रेंज नसेल तर यंत्राचा उपयोग नाही, आणि गाव पुन्हा बरंचसं रोखीकडे वळलं. आता फोनवरून पैसे देणं सगळीकडे आहे, तरी डोळखांबच्या किंवा टोकावड्याच्या आतल्या पाड्यात राहणाऱ्या बाईला बँकेत पगार जमा झाला म्हणजे पैसा हातात आला असं होत नाही. एटीएमला जायचं तर अर्धा दिवस आणि गाडीभाडं. आम्ही पगार बँकेतच देतो, कारण पुरावा राहतो आणि तो तिच्या नावावर राहतो. पण तो सातच्या आत, शक्यतो आठवडे बाजाराच्या आदल्या दिवशी सकाळी पडेल असं बघतो आणि पगाराच्या दिवशी तासभर आधी सोडतो. पगाराची चिठ्ठी मराठीत छापतो, कपातीच्या प्रत्येक ओळीसह. पहिले काही महिने लोक चिठ्ठी घेऊन येत, भविष्य निर्वाह निधी म्हणजे काय, हा पैसा कुठे गेला, असं विचारत. सांगायला वेळ गेला. आता जुन्या बायका नव्यांना सांगतात.

ठेकेदाराकडून माणसं घेणाऱ्यांना एवढंच सांगेन की तुम्ही ठेकेदाराला सात तारखेला पैसे दिलेत यावर थांबू नका. त्यानं पुढे कधी दिले ते माणसांना विचारा, त्याच्या मागे उभं राहून नव्हे, जेवणाच्या सुट्टीत. त्यानं दिले नाहीत तर देणं शेवटी तुमच्यावर येतं, कायद्यानंही आणि गावातल्या नावानंही. किन्हवलीपासून सरळगावपर्यंतच्या गावांत कुठल्या कारखान्याची तारीख किती पुढे सरकली हे दोन दिवसांत पोचतं. भिवंडीची गोदामं आता घरासमोरून गाडीनं माणूस नेतात, समृद्धी महामार्ग झाल्यापासून नवी कामं येताहेत. माणसाला इतर दारं उघडी आहेत.

राहता राहिला नोकरी सोडून जाणाऱ्याचा हिशेब. नव्या वेतन संहितेप्रमाणे तो दोन कामाच्या दिवसांत पुरा करायचा आहे. बरेच मालक तो लांबवतात, गेलेला माणूस आपला नाही असं धरून. आमच्याकडे आवणीला किंवा शिमग्याला गेलेला माणूस कधी परत येतो, कधी दुसरीकडे लागतो, कधी दोन वर्षांनी धाकट्या भावाला घेऊन दारात उभा राहतो. त्याचा हिशेब त्याच आठवड्यात झालेला असतो, म्हणून त्याला येताना अवघडायला होत नाही. यंदाच्या आवणीचा तक्ता मी कालच लावला. त्यात मागच्या पावसात सोडून गेलेल्या आणि परतलेल्या दोघी-तिघींची नावं आहेत, आणि त्यांच्यातली एक आता रोटरीवर नव्या मुलांना शिकवते.